खाली कोण उतरलंय, ते वर ठाऊक हवं

आई-बाबांनो,

चिखल्यात राहून खदानीची गोष्ट तुम्हाला मी सांगायची, हे जरा उलटंच झालं. तुमच्यापैकी कितीतरी जण पाळीला जातात. काहींचे वडील, काहींचे आजोबा याच मॅंगनीजच्या मागे राबले. तरीही आज तिथलीच एक गोष्ट घेऊन तुमच्याशी बोलणार आहे. जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव वर नोंदलेलं असतं. या क्षणी खाली कोण कोण आहे, हे नोंदवही उघडताच नावानिशी कळलं पाहिजे, असं खाणींच्या १९५२ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. खाली काही झालं तर कुणाला शोधायचं, कुणाच्या घरी निरोप धाडायचा, हे वरच्यांना कळावं म्हणून ही नोंद. कामगाराला तिचा राग येत नाही, आधार वाटतो.

आता रात्रीचे साडेदहा वाजलेत असं समजा. तुमचा नववीतला मुलगा गोधडीत मोबाइल घेऊन पडलाय. तोही कुठेतरी खाली उतरलाय. तिथं तो कोणत्या नावानं वावरतो, त्याच्याबरोबर कोण आहे, तो कुणाला काय बोलतो, यातलं घरात कुणालाच काही ठाऊक नाही. माझं हितगुज या न झालेल्या नोंदीबद्दल आहे.

माझ्या वर्गातली गोष्ट सांगते. मुलांची नावं सांगणार नाही, ती कोण असतील याचा अंदाजही कृपा करून बांधू नका. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत एका मुलीनं स्टेजवर गाणं म्हटलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. त्याखाली एका खात्यावरून तिच्या दातांबद्दल आणि रंगाबद्दल लिहिलं गेलं, आणि पुढं आणखी काही, जे मी इथं लिहिणार नाही. खात्याला नाव होतं एका सिनेमातल्या खलनायकाचं, फोटोही त्याचाच. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

मुलगी माझ्याकडे आली, मोबाइल पुढं धरला. मी काय म्हणाले असेन? "लक्ष देऊ नको गं, आपोआप थांबतील." आपण सगळेच असं म्हणतो. आज मला त्याची लाज वाटते, कारण त्या वाक्यानंतर ती पुन्हा मला काही सांगायला आली नाही. खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर बसणारी मुलगी मागं जाऊन बसू लागली. बोलताना तोंडासमोर तळहात धरू लागली. हसताना तर दोन्ही हात. डबा खातानाही भिंतीकडे तोंड.

तिसऱ्या आठवड्यात तिचे काका गोबरवाहीच्या पोलीस ठाण्यात जाण्याचं बोलू लागले. ते गावात पसरलं आणि त्याच रात्री एका घरात एका मुलानं आईजवळ तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून आल्यावर न झोपता त्याचे वडील मुलाला घेऊन थेट शाळेत आले. डोळे लाल, कपड्यांवर अजून खदानीची काळी धूळ. म्हणाले, "सिम त मायाच नावाची आहे जी बाई. पोलीस आले त मलेच विचारतील. मी त असं काही शिकवलो नाही जी त्याले." बोलता बोलता त्यांचा हात उगारला गेला. मी मधे झाले.

मग मी मुलाला त्यानंच लिहिलेलं वाचायला सांगितलं. मोठ्यानं. वर्गात आम्ही तिघंच होतो, ती मुलगी नव्हती. त्यानं पहिले दोन शब्द वाचले. तिसऱ्या शब्दाशी थांबला आणि बाकाच्या कडेला नखानं खरवडू लागला. बराच वेळ तेवढाच आवाज. शेवटी म्हणाला, "मले वाटलं, कोण आहे ते तिले समजणार नाही, त लागणार नाही."

हे वाक्य मी कितीदा मनात घोळवलंय. पोराला वाटलं, मारणाऱ्याचं नाव लपलं की मारही लपतो. असं समजणारा तो एकटा नाही. जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्ये इंटरनेटवर माणसाचा संकोच का गळून पडतो याची कारणं मांडली होती. आपण कोण ते समोरच्याला कळत नाही. समोरच्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. आपण बोललो की उत्तर लगेच अंगावर येत नाही, बोलून निघून जाता येतं. चौकात एखाद्याला टोचून बोललं तर त्याचा उतरलेला चेहरा आपल्याला थांबवतो. पडद्यावर तो चेहराच नाही, म्हणून थांबवायलाही कुणी नाही. आपण मुलांना "वाईट बोलू नये" असं शिकवलं. पण न दिसणाऱ्या माणसालाही वेदना होते, हे वेगळं शिकवावं लागतं. ते आपल्याकडून राहिलं.

आणि नाव लपतं तरी कुठे? २०२१ च्या ऑक्टोबरात टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून हरला. त्यानंतर मोहम्मद शमीला धर्मावरून शिव्या देणाऱ्यांना विराट कोहलीनं खडसावलं. मग एका निनावी खात्यावरून कोहलीच्या जेमतेम दहा महिन्यांच्या मुलीला बलात्काराची धमकी दिली गेली. खात्याची नावं बदललेली होती, हे कुणा पाकिस्तान्याचं काम असावं असंही अनेकांना वाटलं. दोन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबरला, मुंबई पोलिसांचं सायबर पथक हैदराबादेत एका घरी पोचलं. खात्यामागं होता आयआयटी शिकलेला २३ वर्षांचा इंजिनिअर. मुंबईत कोठडी, मग जामीन, मग दीड वर्ष डोक्यावर खटला. तक्रारदारानं संमती दिल्यावर एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. त्याच्या आई-बापांचा विचार मनात येतो. मुलगा आयआयटीत लागला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले असतील. हुशारीची काळजी आपण दहावीपासून वाहतो. जिभेची काळजी कोण वाहणार?

दोनच महिन्यांनी, १ जानेवारी २०२२ ला, देशातल्या नामवंत मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारं बुली बाई नावाचं अ‍ॅप उघडकीस आलं. त्यामागचीही खाती खोट्या नावांची होती. मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत बंगळुरूचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता आणि उत्तराखंडची १८ वर्षांची मुलगी. अठरा, म्हणजे आपल्या बारावीच्या वर्गातली.

पोलीस पोचतात कसे, हे मुलांना साध्या भाषेत सांगा. खातं उघडताना मोबाइल नंबर किंवा ईमेल द्यावा लागतो. मोबाइल इंटरनेटला जोडला की त्याला एक पत्ता मिळतो, आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात तो. पोलीस कंपनीला पत्र देतात, कंपनी नंबर आणि पत्ता देते, मोबाइल कंपनी सांगते हे सिम कुणाचं. सिमच्या कागदावर मुलाचं नाव नसतं. तिथं असतं तुमचं नाव, तुमचं आधार कार्ड, तुमचा फोटो. मुलानं खलनायकाचं नाव लावलं तरी त्या दोरीचं दुसरं टोक तुमच्या उंबऱ्याला बांधलेलं असतं. खातं बंद केलं, कमेंट काढून टाकली, म्हणून ती दोरी तुटत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीनं काढलेला मजकूर आणि बंद केलेल्या खात्याची नोंदणी कंपनीला १८० दिवस जपून ठेवावी लागते.

निनावी धमकी हा गुन्हा काही मोबाइलबरोबर जन्मला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतही ओळख लपवून धमकी देणाऱ्याला जास्तीची शिक्षा होती. तेव्हा निनावी पत्रं दाराच्या फटीतून सरकवली जात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५१ मध्ये आलं आहे. धमकीची शिक्षा वेगळी, नाव लपवल्याबद्दल आणखी दोन वर्षांपर्यंत. नाव लपवल्यानं गुन्हा वाढतो, एवढं एक वाक्य मुलांना पाठ असू द्या. मुलीचा ऑनलाइन पिच्छा पुरवणं हा कलम ७८ खाली वेगळा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. मूल अठराच्या आतलं असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं आणि तिथं भर सुधारण्यावर असतो. पण त्या मंडळाच्या दारात बापाबरोबर उभं राहिलेलं मूल तो दिवस जन्मभर विसरत नाही.

याची दुसरी बाजू लपवली तर मी तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. प्रत्येक कडक शब्द गुन्हा नसतो, आणि कधीकधी शिक्षाच चुकीपेक्षा मोठी होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून आणि ते लाइक केल्यावरून पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली. त्यावरून देशभर वाद उठला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६ अ चा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मे २०२५ मध्ये पुण्यात १९ वर्षांच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीनं ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत कुणाची तरी पोस्ट पुढं टाकली. दोन तासांत काढली, माफी मागितली. तोवर तिच्यावर धमक्यांचा पाऊस पडला होता. ९ मे रोजी तिला अटक झाली आणि महाविद्यालयानंही काढून टाकलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला आणि महाविद्यालयाला खडे बोल सुनावत तिला सोडलं, परीक्षेला बसू दिलं. पण तोवर ती येरवड्यात होती आणि दोन पेपर होऊन गेले होते.

या मुलीनं नाव लपवलं नव्हतं. तिला धमक्या देणाऱ्यांपैकी किती जण स्वतःच्या नावानं बोलत होते, आणि त्यांतल्या किती जणांच्या आई-बापांना त्या रात्री आपलं मूल काय लिहितंय हे ठाऊक होतं, याचा विचार करा. न्यायालय चूक दुरुस्त करतं, पण त्याला दिवस लागतात. मोबाइलवर मात्र एका बोटानं सगळं होतं, नि त्याला क्षणही लागत नाही.

तर मग मुलांना "नाव लपवूच नका" असं सांगायचं का? नाही, तसंही सांगू नका. लपवलेल्या नावाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावानं शतपत्रं लिहिली आणि आपल्याच समाजाला आरसा दाखवला. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' होऊन लिहायचे. आपण मत देतो ते निनावीच, म्हणून तर ते निर्भयपणे देता येतं. ज्या पोरीला मासिक पाळीबद्दल घरात विचारायची लाज वाटते, ज्या मुलाला एखादा मोठा माणूस त्रास देतोय, त्यांना नाव न सांगता मदत मागता आली पाहिजे. मुलांना मी एकच कसोटी देते. तू नाव लपवून कुणाकडे बोट दाखवतोस? तुझ्याहून मोठ्या, सत्ता हातात असलेल्या माणसाची चूक दाखवत असशील, तर ते धाडस. आणि तुझ्याएवढ्या किंवा तुझ्याहून दुबळ्या माणसाच्या दातांवर, रंगावर, जातीवर बोलत असशील, तर ते अंधारातून मारलेला दगड.

सगळ्यांना खरं नाव लावायला भाग पाडलं तर हे थांबेल, असं काहींना वाटतं. दक्षिण कोरियानं तेही करून पाहिलं. २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख तपासण्याचा नियम आला. शिवीगाळ म्हणावी तशी थांबली नाही. उलट २०११ मध्ये तिथल्या एका कंपनीतून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं तो नियम रद्द केला. म्हणजे हे काम कायद्यानं पुरतं होत नाही. ते घरात, जेवणाच्या ताटावर करावं लागतं.

म्हणून आता थोडं करण्याबद्दल.

आधी आपला मोबाइल बघू. कुटुंबाच्या ग्रुपवर आपण काय पुढं ढकलतो? निवडणुकीच्या दिवसांत दुसऱ्या पक्षाच्या बाईबद्दल काय लिहितो? गावातल्या दुसऱ्या मोहल्ल्याबद्दल कोणता शब्द वापरतो? मुलं आपल्या खांद्यावरून वाचतात. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या मोबाइल स्टेटसवरून दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, इंटरनेट बंद करावं लागलं. एवढं जहर पोरांकडे आपोआप येत नाही, आधी ते मोठ्यांच्या बोलण्यात असतं.

मग मुलाजवळ बसा. मोबाइल हिसकावू नका. "तुझी किती खाती आहेत, कोणत्या नावानं आहेत?" एवढंच विचारा. पासवर्ड मागू नका. हजेरीला नाव नोंदवून घेतात, कुणाचे खिसे तपासत नाहीत. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. ते मुलाबरोबर बसून बघा. आपल्या नावाची सिम कुणाच्या हातात आहे हे त्यालाही कळू द्या.

आपल्या मुलाच्या हातून चूक झालीच, तर "पोरगं आहे, मजा केली" असं म्हणून त्याच्यापुढं उभे राहू नका. मारूही नका. मारानं पोरगा सुधारत नाही, पुढच्या वेळी नाव जास्त हुशारीनं लपवायला शिकतो. लिहिलेलं काढायला लावा, शाळेला सांगा, आणि समोरच्या घरची तयारी असेल तर त्याला घेऊन त्या दारात जा. माफी त्यानं मागायची. तुम्ही शेजारी उभं राहायचं.

आपलं मूल सोसत असेल तर माझ्यासारखं "लक्ष देऊ नको" म्हणून मोकळे होऊ नका. खात्याचं नाव, तारीख, मजकूर दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. मग कंपनीकडे तक्रार करा, खातं ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते, ठाण्यात जाऊनही येते. मुलांसाठी १०९८ हा नंबर दिवसरात्र चालतो. शिवीला शिवीनं उत्तर देऊ नका, देऊ देऊ नका. आणि मुलाचा मोबाइल काढून घेऊ नका. मार खाल्लेल्यालाच शिक्षा झाली, तर तो पुन्हा तुम्हाला का सांगेल?

त्या मुलाला त्याच्या आईजवळ तोंड उघडता आलं, म्हणून ही गोष्ट ठाण्यापर्यंत गेली नाही. पोलीस येणार म्हणून तो घाबरला होता, हे खरं. पण घाबरलेलं मूल घरातून पळूनही जातं, जिवाचं बरंवाईटही करून घेतं. त्याला वाटलं, आईला सांगता येईल. त्या घरात एवढी एक वाट उघडी होती. आपापल्या घरात ती उघडी आहे का, हे बघण्यासाठी वाईट दिवसाची वाट पाहू नका.

तो बाप परवा बाजारात भेटला. मुलगा त्या मुलीच्या घरी जाऊन आला, तिच्या आजीसमोर बराच वेळ नुसता उभा राहिला, हे मला आधीच कळलं होतं. बाप म्हणाला, "बाई, आता पाळीले जायच्या आधी मी त्याले सांगून जातो, खाली जाऊन राहिलो म्हून. आन तो बी मले सांगते, कोठी जाऊन राहिला त." एवढं बोलून त्यांनी सायकलला पायडल मारलं.

मुलगी अजून मागच्याच बाकावर बसते. हसताना हात तोंडाकडे जातो. कधीकधी विसरतो.

तुमची,
शाळेतली बाई